सामानाने भरलेला फ्लॅट ‘आहे तसा’ विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतले सत्तर-ऐंशीच्या दशकातले फ्लॅट आता दुसऱ्या पिढीच्या हाती येताहेत. त्यातल्या काहींचं दार अर्धंच उघडतं. आत वर्तमानपत्रांचे गठ्ठे, डबे, कपड्यांची गाठोडी, बंद पडलेले मिक्सर आणि मधून चालायला एक बोळ. मुलं बघतात आणि म्हणतात, ‘कोणी आहे तसं घेत असेल तर देऊन टाकू.’ जुन्या फ्लॅटच्या व्यवहारांची कागदपत्रं करताना पुढचे प्रश्न मला सतत विचारले जातात. उत्तरं महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीतला फ्लॅट धरून दिली आहेत.

घर न आवरता विकता येतं का?

येतं. रिकामं करूनच विकलं पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. खरेदीखताने विकला जातो तो फ्लॅट आणि सोसायटीतले शेअर्स. आतलं सामान हा वेगळा विषय आहे, म्हणूनच तो करारात स्पष्ट लिहावा लागतो. ‘फ्लॅट आतील सामानासह, आहे त्या स्थितीत दिला-घेतला आहे, सामान हलवण्याची जबाबदारी व खर्च खरेदीदाराचा’ असं कलम साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, घालून घ्या. ते नसेल तर ताब्याच्या दिवशी खरेदीदार ‘आधी रिकामं करून द्या’ म्हणून अडून बसू शकतो, आणि तेव्हा तुमची घासाघीस करायची ताकद संपलेली असते.

खरी अडचण कर्जाची. गृहकर्ज काढणाऱ्या खरेदीदाराच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा माणूस, घर बघायला येतो. त्याला भिंती दिसल्या नाहीत, खोल्या मोजता आल्या नाहीत, की अहवाल अडतो. म्हणून असं घर बहुतेक वेळा कर्ज न काढणाऱ्याकडेच जातं.

पसाऱ्यामुळे किंमत किती पडते?

या पानावरचं हे एक उत्तर तरी नीट वाचा.

समजा, तुमच्याच इमारतीतला तेवढाच फ्लॅट ८० लाखांना गेला आणि तुमच्याकडे आलेला माणूस ६५ म्हणतोय. हे १५ लाख कशाचे, ते त्याला विचारा. तो हात फिरवून म्हणेल, ‘अहो, अवस्था बघा ना घराची.’ अवस्था हा हिशेब नव्हे. तीन वेगळे आकडे काढा. पहिला, सामान उपसण्याचा: मजूर, टेम्पोच्या खेपा, पेस्ट कंट्रोल. दुसरा, दुरुस्तीचा: वायरिंग, नळ, गळती, फरशी, रंग. तिसरा, खरेदीदाराच्या जोखमीचा आणि घाईचा. पहिल्या दोहोंसाठी दोन-तीन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घ्या. उपसण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे किती किरकोळ असतो ते बघून बहुतेक कुटुंबं चकित होतात. दुरुस्ती तर चाळीस वर्षांच्या कुठल्याही फ्लॅटला लागतेच; शेजारचा ८० लाखांचा फ्लॅटही घेणाऱ्याने आतून तोडूनच नव्याने केला असेल. ती तुमच्या एकट्याच्या किमतीतून वजा होण्याचं कारण नाही.

उरतो तिसरा आकडा, आणि तो फुगतो लाजेमुळे. शेजाऱ्यांना कळेल, नातेवाईक नावं ठेवतील, म्हणून घरात दुसरं गिऱ्हाईक येऊच दिलं जात नाही. एकच माणूस बघतो, एकच आकडा येतो आणि त्यावर सौदा होतो. आई-वडिलांनी आयुष्यभर हप्ते भरून घेतलेलं घर अशा संकोचापायी लाखो रुपये कमी घेऊन जाताना बघवत नाही. किमान तीन गिऱ्हाइकांना आत येऊ द्या. त्यांना पसाऱ्याचं काही वाटत नाही, ते चौरस फूट बघायला आलेले असतात.

एक गोष्ट आधी तपासा: सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत का? असतील तर आतल्या अवस्थेला जवळजवळ काहीच अर्थ उरत नाही, कारण घेणारा नव्या इमारतीतल्या जागेचा हक्क विकत घेतोय आणि आजच्या भिंती पडणारच आहेत. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सभांची इतिवृत्तं सचिवांकडून मागून वाचा. ‘आहे तसं’ घेणाऱ्याने ती तुमच्या आधी वाचलेली असू शकतात.

दलाल म्हणतो, ‘कॅश पार्टी आहे.’ म्हणजे नक्की कोण?

दोन प्रकारची माणसं या शब्दात बसतात, आणि त्यांची गल्लत महागात पडते. एक, ज्याला कर्जाची गरज नाही आणि जो संपूर्ण रक्कम बँकेतून तुमच्या खात्यावर भरणार आहे. हा चांगला. दुसरा, ज्याला काही रक्कम नोटांत द्यायची आहे, म्हणजे ‘इतके व्हाइट, इतके वर’. पहिल्याच फोनवर विचारा: ‘सगळे पैसे खात्यावर येणार ना?’ उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

खरेदीदार कोण आहे हेही बघा. स्वतः राहायला येणारा, भाड्याने द्यायला घेणारा, किंवा दुरुस्त करून पुन्हा विकणारा. तिसऱ्याचा धंदा प्रामाणिक असू शकतो, पण त्याचा नफा तुमच्या किमतीतूनच निघतो. काही जण तर घेतच नाहीत. थोडं टोकन देऊन करारात ‘खरेदीदार किंवा तो सांगेल त्या व्यक्तीच्या नावे’ असे शब्द घालतात आणि तोच सौदा वरच्या भावाने पुढे विकतात. हे शब्द दिसले तर काढायला लावा.

थोडी रक्कम रोख घेतली तर काय बिघडतं?

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. ॲडव्हान्सही त्यात आला. २०१५ पासून हा नियम जमिनी-घरांच्या व्यवहारांना लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतल्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या कलमांवरून वाद घालत बसू नका. ध्यानात ठेवायचं ते हे: दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे विकणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की मालमत्तेच्या दाव्यात दोन लाख किंवा त्यापुढची रोख दिल्याचं समोर आलं, तर न्यायालयाने ते आयकर खात्याला कळवावं. उद्या व्यवहार फिसकटला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ती ‘वरची’ रक्कम कागदावर येणारच.

खूप कमी किमतीला विकलं तर कर कमी बसेल ना?

इथे बरेच जण फसतात. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याप्रमाणे, फ्लॅटचं जे मूल्य निघतं, त्याच्या फार खाली विकलंत तर कर प्रत्यक्ष मिळालेल्या पैशांवर न बसता त्या सरकारी मूल्यावर बसतो. सूट दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाची. म्हणजे सरकारी मूल्य ७७ लाख आणि विक्री ७० लाखांना, तर चालतं. विक्री ६५ ला केली तर तुमच्या हातात ६५ येतात, पण भांडवली नफा मोजताना ७७ धरले जातात. शिवाय फरकाची रक्कम खरेदीदाराच्याही उत्पन्नात धरली जाऊ शकते. रेडी रेकनर इमारतीचं वय बघतो, घरातला पसारा बघत नाही. घराची अवस्था खरोखरच वाईट असेल तर प्रकरण आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा अशी मागणी करता येते. त्यासाठी आवरण्याआधीचे तारखेसह फोटो आणि नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल जपून ठेवा.

वारशाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेलं असेल तर त्या दिवशीचं वाजवी मूल्य धरता येतं. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे, आणि त्याआधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्यांना २० टक्के इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरून) हाही पर्याय आहे. कोणता फायद्याचा, हे सीएला दोन्ही बाजूंनी मांडायला लावा.

काहीच न बघता किल्ली देऊन मोकळं व्हावं का?

नको. फर्निचर, भांडी, कपडे यांवर पाणी सोडा हवं तर. कागदांवर नको.

सतत साठवणाऱ्या माणसाच्या घरात महत्त्वाचा कागद आणि रद्दी यांत भेद नसतो. एका घरात दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. ओट्याखालून माळ्यापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. मुलगा ते तसेच भंगारात घालायला निघाला होता. त्याच्या बायकोने एक गठ्ठा सोडला. पिशव्यांच्या मधोमध प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट निघालं, आणि त्याला चिकटून एका कंपनीच्या कागदी शेअर्सची पाकिटं. ज्या माणसाने ते ठेवलं त्याच्या दृष्टीने ती घरातली सगळ्यात सुरक्षित जागा होती.

म्हणून वर्तमानपत्राची घडी, पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, औषधांचे खोके, डालड्याचे डबे, गाद्यांच्या खोळी, देव्हाऱ्यामागची जागा, साड्यांच्या घड्या, सगळं हाताखालून जाऊ द्या. शोधायचं ते असं: फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र, पोस्टाची आणि बँकेची पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, एलआयसी पॉलिसी, लॉकरची किल्ली, गावाकडच्या जमिनीचा जुना सातबारा.

पावती जुनी दिसली म्हणून टाकू नका. दहा वर्षं पडून राहिलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांचा हक्क बुडत नाही. कोणत्या बँकेत काय आहे ते रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतं. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर्स केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात, तेही अर्ज करून परत मिळतात. ॲग्रीमेंट सापडलंच नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. शेअर सर्टिफिकेट हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि हमीपत्र देऊन सोसायटीकडून दुसरी प्रत घ्या.

जुन्या नोटा सापडल्या तर?

दोन हजारांच्या नोटा अजूनही वैध चलन आहेत; रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूरसारख्या कार्यालयांत त्या जमा करता येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटांना आता काही मोल नाही. उलट २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं दंडाला पात्र आहे. मोठा गठ्ठा निघाला तर तो कोणाला ‘बदलून’ द्यायला देऊ नका, वकिलाला विचारा.

सामान कोण नेतं? त्याचे पैसे येतात का?

थोडे येतात. रद्दी, लोखंड, पितळ, तांबं यांना भाव असतो. पितळी-तांब्याची भांडी भंगारवाल्याला सरसकट देऊ नका. कासाराकडे मोडीचा वेगळा भाव विचारा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा यांसाठी काम करते, तिला विचारून बघा. मुंबईत तोडफोडीचा राडारोडा नेण्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. ठेका देताना ‘खेपेचे किती’ असं न विचारता ‘पूर्ण घर झाडून देण्याचे किती’ असं विचारा, आणि घरातलं एक माणूस तिथे उभं राहू द्या.

जुनी मासिकं, हस्तलिखितं, पत्रव्यवहार, मोडी लिपीतले कागद असतील तर जरा थांबा. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत नाहीतर जवळच्या जुन्या ग्रंथालयात फोन करून विचारा. रद्दीच्या काट्यावर एकदा चढलेलं परत येत नाही.

गळती, वाळवी, जुनं वायरिंग पसाऱ्यामागे झाकलेलं आहे. सांगायलाच हवं का?

हो. ‘आहे तसं’ लिहिल्याने ही जबाबदारी संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की तुम्हाला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष तुम्ही उघड केला पाहिजे. सामानामागची भिंत साध्या पाहणीत दिसतच नाही. माहीत असलेले दोष यादी करून करारात लिहा. त्याने किंमत थोडी कमी झाली तरी नंतरची कोर्टबाजी टळते.

आम्ही तीन भावंडं आहोत. बाबांनी नॉमिनेशन फक्त दादाच्या नावाने केलं होतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीप्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा सोसायटीचा तात्पुरता सभासद असतो. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे आणि मुली यांचा समान हिस्सा. ताई लग्न होऊन गेली म्हणून तो जात नाही. म्हणून एक तर सगळ्यांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. नुसत्या स्टँपपेपरवरची ‘संमती’ पुरत नाही.

घर उपसण्याआधी तिघांनी एकदा एकत्र आत जा. नंतरची भांडणं पैशांपेक्षा ‘आईच्या पाटल्या होत्या, कुठे गेल्या’ यावरून जास्त होतात.

आई अजून त्याच घरात राहते. ती ऐकत नाही. तिला न सांगता व्यवहार ठरवू का?

घर तिच्या नावावर असेल तर तिच्या सहीशिवाय ते विकताच येत नाही, आणि फसवून घेतलेली सही टिकत नाही. तिला व्यवहार समजण्याची क्षमताच उरली नसेल तर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. पण कायद्याआधी माणूस बघा.

१९६१ चा पानशेतचा पूर, १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी वस्तू सहज टाकत नाही. ती काटकसर. मात्र जेव्हा झोपायची खाट, ओटा, संडास वापरता येईनासा होतो आणि एक जुनी पिशवी टाकायचं नाव काढलं तरी जीव कासावीस होतो, तेव्हा तो आजार असतो. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वस्तू साठवत राहण्याच्या या विकाराला (होर्डिंग डिसऑर्डर) स्वतंत्र स्थान आहे. आईला देवदर्शनाला पाठवून मागे घर रिकामं करायचं, हा उपाय नाही. परत आल्यावर तिला जो धक्का बसतो त्यातून विश्वास तुटतो आणि साठवण बहुतेक वेळा नव्याने सुरू होते. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. सुरुवात फोनवर करायची असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तोवर दार, गॅस आणि मीटर यांच्या भोवतालची जागा मात्र मोकळी करून घ्या. आगीचा धोका तिथे आहे. घर विकायचं ठरलंच तर ती पुढे कुठे राहणार, हे आधी ठरू द्या, आणि नव्या जागेत तिच्या निवडीच्या काही पेट्या तिच्यासोबत जाऊ द्या.

सोसायटीला काय द्यावं लागतं?

थकलेला मेंटेनन्स आधी चुकता करा. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही; ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकापासून ही मर्यादा आहे. ‘तुमच्या घरामुळे झुरळं झाली’ म्हणून वेगळा ‘फंड’ मागितला तर नियम दाखवायला सांगा. शेजाऱ्यांनी त्रास सोसलेला असतो हेही खरं. उपसण्याच्या दिवसांत लिफ्ट आणि जिना रोज धुऊन दिलात तर पुष्कळ राग निवळतो.

मी परदेशात आहे. इथे न येता विकता येईल?

येईल. विश्वासाच्या माणसाला या एकाच व्यवहारापुरतं कुलमुखत्यारपत्र द्या, भारतीय दूतावासात साक्षांकित करून. टीडीएसकडे, म्हणजे खरेदीदार तुमच्या किमतीतून आधीच कापून घेतो त्या कराकडे, लक्ष ठेवा. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याच्या ५० लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कापतो. अनिवासी विक्रेत्याला ती मर्यादा नाही आणि दरही कितीतरी जास्त. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच घ्या, नाहीतर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकून राहते. आणि कागद शोधायच्या कामासाठी तरी स्वतः या, जमलं तर. ‘बाबांचं अक्षर’ भाच्याला ओळखता येत नाही.

टोकन मिळालं. पार्टी म्हणते, ‘किल्ली द्या, आम्ही आवरायला घेतो.’ द्यावी का?

पूर्ण पैसे खात्यावर आल्याशिवाय आणि खरेदीखत नोंदवल्याशिवाय नाही. अर्ध्या व्यवहारात ताबा गेला, घर रिकामं झालं, आणि मग ‘आत दुरुस्ती जास्त निघाली, किंमत कमी करा’ असा फोन येतो. मोजमापाला यायचं असेल तर तुमच्यासमोर या म्हणावं. नोंदणीच्या दिवशी रक्कम जमा झाल्याचं बँकेत खात्री करून घ्या, ताबापावतीवर ‘आतील सामानासह’ हे शब्द पुन्हा लिहा, वीजमीटरचं रीडिंग टाका, गॅस कनेक्शन परत केल्याची पावती तुमच्याकडे ठेवा, आणि मग किल्ल्या द्या. दुसरा जोड शेजारच्या काकूंकडे असतो बऱ्याचदा, तोही आठवणीने आणून द्या.